काळुरामच्या मशीनमधला धवला

डोंबिवली पूर्वेला नव्व्याण्णव साली ज्यांच्या घरी किंवा दुकानात कॉम्प्युटर होता, त्यांना काळुराम कोळी आठवत असेल. चांगल्या शब्दांत आठवत असेलच असं नाही. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर अडकवून हिंडणारा, आणि कुणी नुसतं ‘मशीन स्लो झालंय हो’ म्हटलं की ‘विंडोज टाकलंय ना, मग भोगा’ असं तोंडावर सांगणारा. माणूस वाईट नव्हता. बोलावलं की यायचा, काम नेटकं करायचा, गरिबाला दोन चकरा फुकट मारायचा. पण त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. या शंका नसण्यानंच घात केला. त्याचा एकट्याचा केला असता तर हे सांगत बसायचं काही कारण नव्हतं.

तो मूळचा ठाण्याचा, चेंदणी कोळीवाड्यातला. बाप नाथा खाडीत जाळं टाकायचा. खाडीकाठचे कारखाने वाढले, पाण्यावर रंगीत तवंग दिसायला लागला, मासळीला रॉकेलचा वास यायला लागला, तरी नाथाचं म्हणणं एकच: भरती आली की सगळं धुऊन निघतं. लोक त्याच्या टोपलीतला बोय मासा हुंगून परत ठेवायचे आणि तो त्यांच्यावर चिडायचा. शेवटी होडी काठावर उलटी पडली ती पडलीच. काळुरामला हे सगळं लहानपणापासून दिसत होतं. म्हणून तो खाडीकडे पाठ फिरवून आयटीआयला गेला, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकला आणि ब्याऐंशीत वागळे इस्टेटमधल्या एका टीव्हीच्या कारखान्यात लागला. चार-पाच वर्षांत त्या कारखान्याला टाळं लागलं. बरोबरचे लोक गेटवर बसून राहिले. हा बसला नाही, कॉम्प्युटर उघडायला शिकला. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पुढं बाळ चौबळ नावाचा भागीदार मिळाला. बाळ हा ठाण्याच्या टेंभी नाक्यावरचा, सरळ भांग पाडणारा, कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघणारा माणूस. दोघांनी मिळून डोंबिवलीत एका बोळात दुकान थाटलं आणि काळुरामनं त्याला बापाचं नाव दिलं, ‘नाथ कॉम्प्युटर्स’. बाहेरच्यांची मशीनं दुरुस्त करायची, आणि आत लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, शाळांचे अहवाल टाइप करून द्यायचे, असा जोडधंदा. टायपिंगला सुहासिनी होती. ती आंबिवलीहून यायची. तिची बोटं मराठी फाँटवर अशी चालायची की गिऱ्हाईक मजकूर सांगायचं थांबून बघत राहायचं.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरं तर तिचीच आहे. आवडाबाई धवलारीण होती. कोळी-आगऱ्यांच्या लग्नात मांडव घालण्यापासून नवरी घराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं. त्याला धवला म्हणतात. तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी नंतर येतो. खाडीला, गावदेवीला, मेलेल्या आजा-पणजांना लग्नाचं बोलावणं धाडायचं काम धवलारणीचं असतं, आणि तिनं बोलावल्याशिवाय कोणी येत नाही. आवडाबाई हे आपल्या मावशीच्या मागं बसून शिकली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. सगळं डोक्यात आणि गळ्यात. ठाण्यापासून ऐरोली-दिव्यापर्यंतच्या गावांतून तिला बोलावणं यायचं, आणि ती नऊवारी कासोटा आवळून निघाली की बापे बाजूला व्हायचे.

तिचा एक नेम होता. लग्नाबाहेर धवला गायचा नाही. कॉलेजातली मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन दोनदा आली. तिनं चहा दिला, सुकटीची चटणी-भाकर दिली आणि विचारलं, “लगीन कोनाचं हाय? नाय ना? मंग धवला कशाला?” ती मंडळी आपला टेप आवरून परत गेली.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर तिचा आवाज बसला. खोकल्याचं औषध झालं, हळदीचं दूध झालं, शेवटी काळुराम तिला परळच्या हॉस्पिटलात घेऊन गेला. जन्मभराची मिश्री गळ्याशी आली होती, कॅन्सर होता. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल, त्याशिवाय बाई वाचणार नाही. तोवर काळुरामच्या धाकट्या बहिणीचं, मंजुळाचं, लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात ठरलं होतं. ऑपरेशन मार्चमध्ये. म्हणजे पोटच्या पोरीच्या लग्नात आवडाबाईला गाता येणार नव्हतं, आणि त्यानंतर कोणाच्याच लग्नात गाता येणार नव्हतं.

तिच्या मागं बसणारी एक होती, शेवंती, तिच्या भावाची मुलगी. पण साथीला बसणाऱ्या बाईचं एक असतं. ओळ कानावर पडली की तिच्या तोंडात येते, न पडली तर येत नाही. शेवंतीला आवडाबाईनं सुरुवात करून दिली की पुढं अख्खं गाणं यायचं. सुरुवात करून देणारीच गप्प झाली, तर शेवंतीजवळ काही नव्हतं.

तेव्हा काळुराम म्हणाला, “आये, मी कॉम्प्युटरमध्ये घालतो सगळं. तू गाऊ नको. नुसतं सांग.”

आवडाबाईनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, गाणं वेगळं आणि सांगणं वेगळं, सांगायला हरकत नाही. पण कागदावर नको. “कागुद पायाखाली परतं. रद्दीत जातं. उद्या तुझा भेलवाला त्यान भेल बांधंल. माझे देव मी भेलीत नाय घालनार.” मशीनमध्ये ठेवलेल्याचं काय, तिथं कोणी पाय देईल का, असं तिनं विचारलं. काळुराम हसला. “तिथं देवाच्या बापालाही पाय देता येणार नाही,” तो म्हणाला. मग दोघांचं ठरलं: सगळं मशीनमध्ये राहील आणि मंजुळाच्या हळदीच्या दिवशी, लग्नघरात, कागदावर येईल. तो कागद वाचता येणाऱ्या शेवंतीच्या हातात जाईल, पाटावर ठेवून पूजा होईल आणि मग गाणं सुरू होईल. म्हातारीनं किती विचार केला होता बघा. टेपला नकार दिला, कागदाला नकार दिला आणि आपला सगळा ठेवा लेकाच्या मशीनवर सोपवला. तिचा विश्वास मशीनवर नव्हता, लेकावर होता.

जानेवारी-फेब्रुवारीत ती दुपारची ठाण्याहून डोंबिवलीला यायची. गिऱ्हाईक नसायचं. सुहासिनीच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात एकेक ओळ सांगायची. सुहासिनी टाइप करायची, वाचून दाखवायची, आवडाबाई मान हलवायची. कधी कधी एका शब्दासाठी डोळे मिटून बसायची आणि सुहासिनी कीबोर्डवर हात ठेवून वाट बघायची. काळुराम त्याच खोलीत, पाठमोरा, आपल्या लिनक्ससमोर बसलेला असायचा.

हे लिनक्स काय ते एकदा सांगतो. कॉम्प्युटर चालवायला जसं विंडोज लागतं, तसंच हे दुसरं, फुकटचं, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेलं. एका मासिकाबरोबर त्याची सीडी आली होती. काळुरामनं ती एका जुन्या मशीनवर टाकली आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात वारं शिरलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, महिनोन्‌महिने बंद न पडणारं मशीन. आणि मुख्य म्हणजे व्हायरस नाही. व्हायरस विंडोजसाठी लिहिलेले असतात, ते लिनक्समध्ये चालतच नाहीत, हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. ते खरंही होतं. मराठी फाँट मात्र लिनक्सवर धड दिसत नव्हते, म्हणून सुहासिनीचं मशीन विंडोजवरच राहिलं. मग त्यानं लिनक्सच्या मशीनला दुकानातलं सामाईक कपाट करून टाकलं. फ्लॉपी असो, सीडी असो, गिऱ्हाईकाची फाईल असो, आधी लिनक्समध्ये ठेवायची, तिथून वायरीनं बाकीच्या मशीनांनी घ्यायची. आणि ही व्यवस्था बसवून झाल्यावर त्यानं सुहासिनीच्या मशीनवरचं अँटिव्हायरस काढून टाकलं. त्याच्यामुळं मशीन जड होतं, मोठं पान उघडायला वेळ लागतो, आणि आता गरज काय? सगळं लिनक्समधून येतंय म्हणजे शुद्ध होऊनच येतंय.

बापाच्या भरतीवर हसणारा हा मुलगा. त्याला स्वतःची भरती दिसली नाही.

बाळ चौबळला ती दिसली होती. तो एकदा मासिक उघडून काळुरामसमोर बसला.

“काळू, या सीडीवर लिनक्सचं अँटिव्हायरस आहे.”

“लिनक्सला कशाला अँटिव्हायरस? माशाला छत्री देतोस का?”

“अरे, तुझ्या लिनक्सला काही होणार नाही, मान्य. पण त्याच्यात ठेवलेली फाईल तर विंडोजवाला उचलतो ना? तुझ्याकडे ती नुसती पडून राहील. त्याच्याकडे गेली की चालू होईल.”

“बाळ, तू पत्रिकांचे प्रूफ तपास.”

“निदान म्हाताऱ्या बाईंची गाणी तरी लिनक्सवर कॉपी करून ठेव. एकाच मशीनवर आहेत.”

“डिस्क फुल आहे. नवी आणली की करतो.”

डिस्क कशानं फुल होती? लिनक्सच्याच सात-आठ सीड्या त्यानं त्यात उतरवून ठेवल्या होत्या. कधी लागल्या तर असाव्यात म्हणून. त्यातली एक खोडली असती तर आवडाबाईचे सगळे धवले आरामात बसून वर जागा उरली असती. त्याला ते माहीत होतं. पण बाळनं सांगितलेलं आपण लगेच करायचं, हे त्याच्या नाकाला झोंबायचं. बाळनंही पुढं काही म्हटलं नाही. भागीदारीत रोज कोण भांडणार.

फेब्रुवारीत काळुरामनं मुंबईहून, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून, एक सीडी आणली. तिच्यात एक गंमत होती. मशीन थोडा वेळ मोकळं राहिलं की पडद्यावर निळं पाणी यायचं आणि त्यात मासे पोहायचे. त्यानं ती लिनक्सच्या कपाटात ठेवली आणि तिथून सुहासिनीच्या मशीनवर चढवली. आईसाठी चढवली, हे कबूल करायला हवं. शब्द आठवत आवडाबाई डोळे मिटून बसायची, तोवर पडद्यावर मासे यायचे, आणि डोळे उघडून ती हसायची. “ह्यो कंचा मासा? असा पिवला मी जल्मात नाय पायला. आनि ह्याला कालवन कसं लागल?” सुहासिनीही हसायची. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही मासे आवडले. काळुरामनं ते मागेल त्याला फ्लॉपीवर भरून दिले. कौतुकानं दिले. कोळ्याकडचे मासे आहेत, ताजे आहेत, म्हणायचा.

फेब्रुवारी सरता सरता आवडाबाईचं सांगून झालं. शेवटच्या दिवशी तिनं पदराच्या टोकानं मॉनिटर पुसला आणि त्याला हळद-कुंकू लावलं. काळुरामला हसू आलं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं. गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी, श्वास तिथूनच. ओठ हलायचे, आवाज नाही. घरी आल्यावर ती खुणांनी बोलायला शिकली. भूक, पाणी, दार लावा, एवढं जमायचं. बाकीचं तिनं सोडून दिलं. तिची काळजी मिटली होती, असं सगळे म्हणायचे. खरंच मिटली होती. रोज एकदा ती काळुरामकडे बघून दोन्ही हातांनी टाइप केल्याची खूण करायची आणि काळुराम मान डोलवायचा, आहे, आहे.

सव्वीस एप्रिलला सोमवार होता. सुहासिनीनं सकाळी मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. पुन्हा दाबलं. काहीच नाही. तिनं काळुरामला हाक मारली, आणि तो ‘तुमच्या विंडोजला’ म्हणून काहीतरी विनोद करत उठला. तेवढ्यात फोन वाजला. एका शाळेतून होता. तो ठेवला तर वर्तकनगरच्या एका डॉक्टरांचा. मग एका चार्टर्ड अकाउंटंटचा. मग ओळीनं येतच राहिले. सगळ्यांचं एकच, मशीन चालू होत नाही. चेर्नोबिल नावाचा व्हायरस होता तो. महिनोन्‌महिने मशीनमध्ये गुपचूप पसरायचा आणि सव्वीस एप्रिलला उठून डिस्कचा पुढचा भाग पुसायचा, शिवाय मशीन सुरू करणारी चिपही मारायचा. त्या दिवशी देशभर मशीनं गेली. पण नाथ कॉम्प्युटर्सच्या गिऱ्हाइकांची जरा जास्तच गेली.

काळुराम काय म्हणाला असेल? तो आपल्या लिनक्ससमोर गेला, त्याच्या कॅबिनेटवर हात ठेवला आणि बाळला म्हणाला, “बघ. याच्या केसालाही धक्का नाही.”

सुहासिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. ती हळूच म्हणाली, “काळूदादा, आईंची फाईल.”

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो स्टुलावर बसला. ते आवडाबाईचं स्टूल होतं.

पुढचे दिवस त्यानं सुहासिनीच्या मशीनमधली डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला जोडली आणि ती तळापासून, अक्षर न्‌ अक्षर वाचायला लावली. लिनक्समध्ये ते जमतं, आणि जमतं याचा त्याला पूर्वी फार गर्व होता. पडद्यावर कचऱ्याचा लोंढा यायचा. मराठी फाँटमधला मजकूर इंग्रजी अक्षरांच्या चुऱ्यासारखा दिसायचा. तो ओळखायला सुहासिनी शेजारी बसायची. कुठल्या तरी सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीचा तुकडा सापडला. एका मुंजीचं आमंत्रण सापडलं, अख्खं. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ हे शब्द तर इतक्या वेळा सापडले की सुहासिनीला रडू आलं. धवल्याची मात्र एक ओळ धड मिळेना. कुठं ‘गावदेवी’ एवढाच शब्द, कुठं ‘मांडवाच्या’ आणि पुढं कचरा. गाण्याची फाईल मोठी होती, रोज थोडी थोडी वाढत गेलेली, म्हणून डिस्कवर पन्नास ठिकाणी विखुरलेली. ती कुठून कुठं जोडायची हे सांगणारा नकाशाच पुसला गेला होता.

बाळ मध्येच म्हणाला, “आता तरी ते अँटिव्हायरस घाल. निदान कुठून आलं ते कळू दे.”

काळुरामनं घातलं. काम असं मोठं नव्हतंच. सीडीवरचा गठ्ठा लिनक्समध्ये उतरवायचा, तो सोडवून एका फोल्डरमध्ये ठेवायचा, व्हायरस ओळखायच्या खुणांची नवी फाईल त्याच्या शेजारी ठेवायची, आणि काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून सांगायचं, हे कपाट तपास. रोज आपोआप तपासून घ्यायचं असेल तर तीच ओळ वेळापत्रकात घालून ठेवायची. चहा गार व्हायच्या आत सगळं झालं. इतकंच करायचं होतं आणि ते फेब्रुवारीत करायचं होतं.

पडद्यावर फाईलींची नावं सरकत गेली. ठीक, ठीक, ठीक. मग एक थांबली. माशांची फाईल. तिच्यापुढं व्हायरसचं नाव लिहून आलं. दोन-अडीच महिने ती त्याच्या निर्मळ लिनक्समध्ये शांत पडून होती. लिनक्सला तिचा काही त्रास झाला नाही. जो जो तिथून मासे घेऊन गेला, त्याचं घर मात्र बसलं.

काळुराम बाळला म्हणाला, “लिनक्सला नाय लागत रे अँटिव्हायरस. लिनक्सच्या शेजाऱ्यांना लागतं.” त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य होतं ज्यात बढाई नव्हती. त्याचा कोणाला उपयोग नव्हता.

आईला सांगायचं कसं? त्यानं सांगितलंच नाही. ती खूण करायची, तो मान डोलवायचा. माणूस किती सहज मान डोलवतो. मांडव पडला, पाहुणे आले, आंब्याचे डहाळे बांधले, आणि हळदीचा दिवस उजाडला. आवडाबाई नवं हिरवं लुगडं नेसून, पट्टीवर पदर ओढून मांडवात बसली. समोर तिनं स्वतः पाट मांडला होता, त्यावर तांदूळ, सुपारी आणि फुलं. मधली जागा रिकामी ठेवली होती. कागदासाठी.

काळुराम आला तेव्हा तिनं हात पुढं केला.

त्यानं खाली बसून सांगितलं. व्हायरस कसा असतो, सव्वीस तारीख, डिस्क, सगळं. घाईघाईनं सांगितलं आणि अर्धं इंग्रजीत सांगितलं. बायका बघत होत्या. आवडाबाईला त्यातलं काही कळलं नाही. हात तसाच पुढं होता. शेवटी तो म्हणाला, “नाही राहिलं आये. काहीच नाही राहिलं.”

तिनं हात मागं घेतला. त्याच्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त शेवंतीकडे वळून मान हलवली. सुरू कर.

शेवंतीनं डोळे मिटले. पहिलं, खाडीचं बोलावणं तिला येत होतं, ते तर मांडवातल्या सगळ्यांनाच येत होतं. “पैलं बोलावनं कोनाला, गो, खारीआयला.” बायकांनी मागून धरलं. दुसरं आलं. तिसऱ्याला ती अडकली. परत मागची ओळ म्हणून बघितली, पुन्हा तिथंच येऊन थांबली. तिनं आवडाबाईकडे पाहिलं.

आवडाबाईचे ओठ हलत होते. ती सांगत होती. पूर्ण ताकदीनं सांगत होती, मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पट्टीखालून नुसता वारा येत होता. शेवंती पुढं सरकली, तोंडाजवळ कान नेला. दुसऱ्या दोघी सरकल्या. कोणी म्हणालं आजा म्हणते, कोणी म्हणालं आंबा म्हणते. आवडाबाई जोरात मान हलवत राहिली, नाही, नाही, आणि पुन्हा पुन्हा तेच ओठ.

मंजुळा हळदीच्या पाटावर बसून आईकडे बघत होती. तिच्या अंगाला अजून हळद लागली नव्हती. बोलावणं पुरं झाल्याशिवाय लागत नाही.

सुहासिनी पाहुण्यांत बसली होती. तिला पुढं ओढलं. तिनं पुष्कळ आठवून बघितलं, एक ओळ सांगितली, ती दुसऱ्याच गाण्यातली निघाली. “मी टाइप करत होते हो,” ती म्हणाली, “टाइप करताना डोक्यात काही राहत नाही.” आणि ती रडायला लागली.

मग शेवंती उठून काळुरामजवळ आली. सगळ्यांसमोर, पण हळू आवाजात, धीर देत विचारावं तसं तिनं विचारलं. “दादा, तू होतास ना तिथं? रोज होतास. आत्या सांगत होती तेव्हा तू खोलीतच होतास. जरा आठव. एक शब्द दे, पुढचं मी धरते.”

काळुरामनं तोंड उघडलं. तो दोन महिने तिथं होता. हात लांब केला असता तर आईच्या खांद्याला लागला असता. तिचा तो फाटका आवाज त्याला आत्ताही ऐकू येत होता, खोकला ऐकू येत होता, शब्द सापडल्यावर ती टिचकी वाजवायची ती ऐकू येत होती. शब्द मात्र नव्हता. एकही नव्हता. मशीनमध्ये जातंय म्हणून त्यानं एक दिवससुद्धा कान दिला नव्हता.

मांडवाच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरवाला बसला होता. बराच वेळ कोणी गाईना, तेव्हा लग्नघर असं सुनं बरं दिसत नाही म्हणून त्यानं एक कॅसेट लावली. आवडाबाईचे ओठ अजून हलत होते. बायकांनी मंजुळाला हळद लावायला घेतली.